मेमरी कार्डाच्या वेगश्रेणी

मेमरी कार्डावर माहिती किमान किती वेगाने नोंदली जाईल किंवा एका सेकंदात ती किती वेळा लिहिता-वाचता येईल, हे दर्शविणाऱ्या प्रमाणित चिन्हांना वेगश्रेणी म्हणतात. स्मार्टफोनात वापरल्या जाणाऱ्या नखाएवढ्या कार्डावर सी या इंग्रजी अक्षराच्या पोटात १०, यू या अक्षराच्या पोटात १ किंवा ३, तसेच व्ही३०, ए१, ए२ अशी अनेक चिन्हे शेजारीशेजारी छापलेली आढळतात. ही चिन्हे एकाच मोजपट्टीवरील पायऱ्या नव्हेत. ती २००६ पासून वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या उपकरणांच्या गरजेसाठी ठरविण्यात आली आणि जुनी चिन्हे रद्द न करता नव्यांची त्यांत भर पडत गेली. त्यामुळे स्मार्टफोनासाठी कार्ड निवडताना कोणते चिन्ह पाहावे, हे या चिन्हांच्या इतिहासावरून अधिक स्पष्ट होते.

पूर्वपीठिका : मेमरी कार्डाचा आधार असलेली फ्लॅश स्मृती जपानमधील तोशिबा कंपनीतील अभियंते फुजिओ मासुओका यांनी शोधून काढली. तिचे पहिले विवरण १९८४ मध्ये अमेरिकेतील एका तांत्रिक परिषदेत सादर झाले व नँड या नावाने ओळखला जाणारा तिचा अधिक दाट व स्वस्त प्रकार १९८७ मध्ये पुढे आला. या स्मृतीतील माहिती क्षणार्धात एकगठ्ठा पुसली जात असल्यामुळे कॅमेऱ्याच्या झगमगाटावरून तिला फ्लॅश हे नाव पडले. वीजपुरवठा बंद झाला तरी तीत माहिती टिकून राहते. १९८८ मध्ये अमेरिकेत एली हरारी, जॅक युआन व मूळचे भारतीय असलेले संजय मेहरोत्रा यांनी सनडिस्क (१९९५ पासून सॅनडिस्क) ही कंपनी स्थापन केली. या कंपनीने १९९४ मध्ये काँपॅक्टफ्लॅश कार्ड बाजारात आणले. त्यानंतर स्मार्टमीडिया (१९९५), मल्टिमीडिया कार्ड (१९९७) व मेमरी स्टिक (१९९८) अशी परस्परांशी न जुळणारी कार्डे निघाली.

१९९९ मध्ये मात्सुशिता (पॅनासॉनिक), सॅनडिस्क व तोशिबा या तीन कंपन्यांनी एकत्र येऊन सिक्युअर डिजिटल म्हणजेच एसडी कार्डाची घोषणा केली व २००० मध्ये त्याची मानके ठरविणारी एसडी असोसिएशन ही संघटना स्थापन झाली. मूळ एसडी कार्ड ३२ मिमी. लांब व २४ मिमी. रुंद होते. मोबाइल फोनांना तेही मोठे पडू लागल्याने सॅनडिस्कने २००४ मध्ये ट्रान्सफ्लॅश हे १५ मिमी. लांब व ११ मिमी. रुंद कार्ड तयार केले. संघटनेने २००५ मध्ये ते मायक्रोएसडी या नावाने स्वीकारले. आज फोनांत वापरले जाणारे कार्ड ते हेच होय.

वेगातील विषमतेचे कारण : फ्लॅश स्मृतीत विद्युत् रोधकाने वेढलेल्या सूक्ष्म कोशिकांत इलेक्ट्रॉन अडकवून माहिती साठविली जाते. कोशिकांचा एक गट म्हणजे पान व अशा अनेक पानांचा मिळून एक खंड होतो. लिहिण्याची क्रिया पानापानाने होते, पण पुसण्याची क्रिया मात्र संपूर्ण खंडावरच करावी लागते. लिहिलेल्या पानावर न पुसता पुन्हा लिहिता येत नाही. त्यामुळे एखाद्या खंडातील थोडीशीच माहिती बदलायची असली, तरी कार्डातील नियंत्रक परिपथाला नवी माहिती अन्यत्र लिहून, जुन्या जागेची नोंद बदलून, पुढे केव्हातरी उपयुक्त मजकूर हलवून तो खंड मोकळा करावा लागतो. सलग येणारी माहिती नियंत्रक एकामागून एक पाने भरीत वेगाने उतरवितो, तर विखुरलेले लहान लहान तुकडे लिहिताना त्याचा बराचसा वेळ या हलवाहलवीत जातो. एकच कार्ड चित्रफीत नोंदताना चपळ आणि अनुप्रयोग (ॲप) चालविताना मंद का ठरते, याचे कारण या रचनेत आहे. वेगश्रेणींचा पुढील सर्व इतिहास सलग वेग व विखुरलेला वेग या दोहोंतील भेदाशी निगडित आहे.

पहिल्या श्रेणी : प्रारंभीच्या काळात उत्पादक कार्डाचा वेग सीडी वाचनयंत्राच्या मूळ वेगाच्या, म्हणजे दर सेकंदास १५० किलोबाइटांच्या पटीत सांगत. १३३ पट असे लिहिलेल्या कार्डाचा वेग या हिशेबाने दर सेकंदास सु. २० मेगॅबाइट होई. हा आकडा बहुधा वाचनाचा व अनुकूल परिस्थितीतील कमाल वेग असे. चित्रफीत नोंदणाऱ्याला मात्र कमाल वेगापेक्षा किमान वेगाची हमी हवी असते. नोंदणीच्या मध्येच कार्ड मंदावले, तर कॅमेऱ्यातील अल्प तात्पुरती स्मृती भरून जाते आणि नोंदणी थांबते अथवा तिच्यातील काही चित्रे गळतात.

२००६ मध्ये ३२ गिगॅबाइटांपर्यंत धारकता असलेल्या एसडीएचसी कार्डाचे मानक ठरले, तेव्हा त्याबरोबर २, ४ व ६ या तीन वेगश्रेणी निश्चित करण्यात आल्या. या अंकांचा अर्थ सरळ आहे : कार्डावर दर सेकंदास किमान तितके मेगॅबाइट सलगपणे लिहिले गेले पाहिजेत. पुढे १० ही श्रेणी त्यांत मिळविण्यात आली. पहिल्या तीन श्रेणींची हमी माहिती विखुरलेल्या अवस्थेतील कार्डालाही लागू होती, तर १० या श्रेणीची हमी सलग मोकळी जागा असलेल्या कार्डापुरती आहे. या श्रेणींचा व्यवहारातील परिणाम मोठा होता. ८ गिगॅबाइटांचे कार्ड ४ श्रेणीच्या किमान वेगाने पूर्ण भरण्यास सु. ३३ मिनिटे लागतात, तेच १० श्रेणीच्या किमान वेगाने १४ मिनिटांच्या आत भरते. गाणी व चित्रपट कार्डात भरून देण्याचा व्यवसाय भारतातील मोबाइलच्या दुकानांत जोरात होता, त्या काळी हा फरक दुकानदार व गिऱ्हाईक या दोघांनाही जाणवणारा होता.

यूएचएस व चित्रफीत श्रेणी : २०१० मध्ये कार्ड व उपकरण यांमधील मार्गाचा वेग दर सेकंदास १०४ मेगॅबाइटांपर्यंत वाढविणारे यूएचएस-वन हे मानक आले. त्याची खूण रोमन आकड्यात दर्शविलेली असते. तिच्याबरोबरच यू अक्षराच्या पोटात १ (किमान १० मेगॅबाइट) व पुढे ३ (किमान ३० मेगॅबाइट) या श्रेणी प्रचारात आल्या. रोमन एक हा मार्गाची कमाल क्षमता सांगतो आणि यू-मधील १ हा लेखनाचा किमान वेग सांगतो. या दोन खुणा शेजारी असल्याने पुष्कळांचा घोटाळा होतो. २०११ मध्ये यूएचएस-टू व २०१७ मध्ये यूएचएस-थ्री ही आणखी वेगवान मानके ठरली. त्यांच्यासाठी कार्डाच्या पाठीवर संपर्कबिंदूंची दुसरी ओळ लागते व ती प्रामुख्याने व्यावसायिक कॅमेऱ्यांतच वापरली जाते. स्मार्टफोनाची खाच सामान्यतः यूएचएस-वनपुरतीच असते. अशा फोनात घातलेले महाग यूएचएस-टू कार्ड चालते, पण यूएचएस-वनच्या वेगाने. २०१६ मध्ये चित्रफितीसाठी व्ही६, व्ही१०, व्ही३०, व्ही६० व व्ही९० या श्रेणी ठरविण्यात आल्या. त्यांतील अंकही दर सेकंदास किमान मेगॅबाइट दर्शवितात. त्यामुळे सी-मधील १०, यू१ व व्ही१० यांची किमान हमी सारखीच असून यू३ व व्ही३० यांचीही तशीच आहे.

स्मार्टफोनाची वेगळी गरज : वरील सर्व श्रेणी कॅमेऱ्याची गरज समोर ठेवून ठरल्या होत्या. स्मार्टफोन हा मात्र कॅमेरा असण्यापेक्षा संगणक अधिक आहे. २००८ च्या पहिल्या अँड्रॉइड फोनात मायक्रोएसडीची सोय होती, तरी अनुप्रयोग फोनाच्या अंगच्या स्मृतीतच ठेवावे लागत. २०१० मध्ये अँड्रॉइडच्या २.२ या आवृत्तीने अनुप्रयोगांचा काही भाग कार्डावर हलविण्याची मुभा दिली. २०१५ मधील ६.० या आवृत्तीने तर कार्ड अंगच्या स्मृतीचाच भाग म्हणून सामावून घेण्याची सोय केली. अल्प स्मृतीच्या स्वस्त फोनांना ही सोय विशेष उपयोगी होती. सप्टेंबर २०१४ मध्ये भारतात प्रथम विक्रीस आलेल्या अँड्रॉइड वन मालिकेतील फोनांत अंगची स्मृती केवळ ४ गिगॅबाइट होती व तिचाही मोठा भाग संचालन प्रणालीने व्यापलेला असे. अशा फोनाच्या मालकाला कार्ड हे जवळजवळ अपरिहार्यच होते.

अनुप्रयोग चालताना सलग मोठी माहिती क्वचितच लिहिली जाते. विदासंचातील नोंदी, लघुचित्रे व संदेश यांचे काही किलोबाइटांचे तुकडे इतस्ततः सतत वाचले व लिहिले जातात. याबाबत सी-मधील १० किंवा यू३ ही खूण काहीच सांगत नाही. फोन अडखळू लागला की दोष फोनाचा समजला जाई, वास्तविक तो पुष्कळदा कार्डाचा असे. कार्ड सामावून घेताना अँड्रॉइड त्याचा वेग तपासून ते मंद असल्यास तशी सूचना देते, ती याच अनुभवामुळे.

ही उणीव भरून काढण्यासाठी संघटनेने २०१६ च्या अखेरीस ए१ व २०१७ मध्ये ए२ ही अनुप्रयोग श्रेणी जाहीर केली. ए१ कार्डाने दर सेकंदास विखुरलेल्या ठिकाणची किमान १,५०० वाचने व ५०० लेखने केली पाहिजेत. ए२ साठी हे आकडे अनुक्रमे ४,००० व २,००० आहेत. दोहोंतही सलग लेखनाचा किमान वेग १० मेगॅबाइट असावा लागतो. प्रत्येक वेळी ४ किलोबाइटांचा तुकडा धरल्यास ए१ चा किमान विखुरलेला लेखनवेग दर सेकंदास सु. २ मेगॅबाइटच होतो. पुठ्ठ्यावरील शंभराच्या घरातील ठळक आकडा आणि प्रत्यक्ष वापर यांतील अंतर यावरून लक्षात येते. ए२ चा वेग साध्य होण्यासाठी आज्ञांची रांग लावणे व तात्पुरती साठवण या सोयी कार्डाबरोबरच फोनातही असाव्या लागतात. त्या नसलेल्या फोनात ए२ कार्ड ए१ पेक्षा सरस ठरेलच असे नाही.

निवड : फोनाचा उपयोग प्रामुख्याने छायाचित्रे, गाणी व चित्रपट साठविण्यासाठी असल्यास यू१ श्रेणी पुरेशी होते. ४के चित्रफितीस फोनात सामान्यतः दर सेकंदास ४० ते ५० मेगॅबिट लागतात. ८ बिटांचा १ बाइट होत असल्याने हा वेग सु. ५ ते ६ मेगॅबाइट इतकाच भरतो, म्हणजे तो १० मेगॅबाइटांच्या हमीतही बसतो. यू३ किंवा व्ही३० घेतल्यास पुरेशी मोकळीक राहते. व्ही६० व व्ही९० यांचा फोनात विशेष लाभ नाही. अनुप्रयोग कार्डावर ठेवायचे असल्यास मात्र ए१ किंवा ए२ ही खूण पाहणे सर्वांत महत्त्वाचे असते. फोन किती धारकतेचे कार्ड स्वीकारतो हेही आधी पाहावे लागते.

वेगश्रेणीच्या मर्यादाही ध्यानात घेणे आवश्यक आहे. ती कार्डाच्या आयुष्याविषयी काही सांगत नाही. प्रत्येक खंड मर्यादित वेळाच पुसता येत असल्याने सतत लेखन होणारे कार्ड लवकर झिजते. फोनाने सामावून घेतलेल्या कार्डावरील माहिती सांकेतिक रूपात त्याच फोनाशी बांधलेली असते. तो फोन बिघडला तर चांगले असलेले कार्डही अन्यत्र वाचता येत नाही. बनावट कार्डांचा प्रश्न याहून गंभीर आहे. त्यांतील नियंत्रक खऱ्यापेक्षा कितीतरी अधिक धारकता सांगतो. खरी जागा संपल्यावरही फोन छायाचित्रे लिहीत राहतो व ती नष्ट होतात. लग्नकार्यातील किंवा दिवंगत आप्तांची छायाचित्रे अशा रीतीने गेली म्हणजे ती परत मिळत नाहीत. म्हणून नवे कार्ड एकदा पूर्ण भरून व परत वाचून तपासणे आणि महत्त्वाच्या माहितीची दुसरी प्रत अन्यत्र ठेवणे, हे कोणत्याही वेगश्रेणीपेक्षा अधिक हिताचे ठरते.

सद्यःस्थिती : २०१८ मध्ये संगणकातील वेगवान मार्ग वापरणारे एसडी एक्स्प्रेस हे मानक आले व २०२३ मध्ये त्यासाठी ई१५० ते ई६०० अशा चार श्रेणी ठरल्या. २०२५ मध्ये बाजारात आलेल्या निन्टेन्डो स्विच २ या खेळयंत्रात असे मायक्रोएसडी कार्ड वापरले जाते. स्मार्टफोनात मात्र कार्डाचे स्थान आकुंचित होत आहे. ॲपलच्या आयफोनात २००७ पासूनच कार्डाची खाच नाही आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस मालिकेतून २०२१ मध्ये ती काढून टाकली. फोनाची अंगची स्मृती दरम्यानच्या काळात अनेक पटींनी वाढली असून ती विखुरलेल्या लेखनात कार्डापेक्षा पुष्कळच वेगवान असते. अनेक मध्यम किमतीच्या फोनांत एकाच खाचेत दुसरे सिम किंवा कार्ड यांपैकी एकच बसते. तरीही कमी किमतीच्या फोनांत कार्डाचा उपयोग टिकून आहे आणि तेथे योग्य श्रेणीची निवड फोनाच्या उपयुक्त आयुष्यावर परिणाम करते.