लोकलच्या तारेतली वीज कुठून आली?

आम्ही सांताक्रूझहून बोलतोय. आमचे बचत गट वाकोला आणि गोळीबारच्या वस्त्यांमध्ये आहेत. कुणी घरकाम करतं, कुणी डबे देतं, कुणी शिवणकाम करतं. आमच्यातल्या बऱ्याच जणींचा दिवस लोकलनं सुरू होतो आणि लोकलनंच संपतो.

मागच्या महिन्यात बैठकीला उशीर झाला, कारण गाड्या उशिरा होत्या. हप्ते गोळा करता करता विषय निघाला की ही लोकल चालवतं कोण. एक जण म्हणाली, सरकार. दुसरी म्हणाली, वीज तर कंपनीची असते ना? तेवढ्यात आमच्या एक मावशी बोलल्या. त्यांचं माहेर मुळशी खोऱ्यातलं. त्या म्हणाल्या, "अगं, आमच्या गावाकडं सांगतात, मुळशीच्या पाण्यावर मुंबई चालते. ते खरं का खोटं, बघा की जरा."

म्हणून आम्ही बघितलं. जे हाती लागलं ते आज तुम्हाला सांगतोय. आपल्या गावातही रस्ता, धरण, रेल्वे, टॉवर असं काही ना काही येतच असतं. सरकार आणि कंपनी मिळून ते आणतात. त्या भागीदारीत आपण कुठं असतो, हे या गोष्टीतून समजतं.

पहिली गोष्ट व्याजाची. ती आपल्याला पटकन कळेल. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आपल्या देशातली पहिली प्रवासी गाडी गेली. ती चालवणारी जी.आय.पी. रेल्वे ही विलायतेतली खाजगी कंपनी होती. तिचा ईस्ट इंडिया कंपनीशी, म्हणजे त्या वेळच्या इथल्या सरकारशी, १८४९ मध्ये करार झाला. करारात असं ठरलं की रेल्वेत जे भांडवल घालतील त्यांना शेकडा ५ टक्के परतावा मिळणारच. जमीनही सरकार देणार. समजा कंपनीनं १०० रुपये घातले आणि रेल्वेनं ३ रुपयेच कमावले, तर उरलेले २ रुपये सरकारी तिजोरीतून द्यायचे. आणि तिजोरी भरायची कशानं? मोठा भाग शेतसाऱ्याचा. म्हणजे आपल्या पणज्या-खापरपणज्या ज्या शेतात राबल्या, त्या शेताचा सारा.

आपल्या गटात असं कुणी म्हणालं, की मी पैसे घालते, फायदा झाला तर माझा आणि तोटा झाला तर गटाचा, तर आपण तिला दारातूनच परत पाठवू. पण तो करार झाला. रेल्वे आली, ती उपयोगाचीही ठरली. तुटीचा भार मात्र ज्यांनी सही केली नव्हती त्यांच्यावर पडला.

दुसरी गोष्ट विजेची. आमच्या सांताक्रूझवरून जाणारी रेल्वे बी.बी.सी.आय. नावाच्या कंपनीची होती. आज तिला पश्चिम रेल्वे म्हणतात. १८६७ मध्ये विरारहून मुंबईपर्यंत तिची गाडी सुरू झाली, तीही कोळशाच्या इंजिनावर. शहर वाढलं, गिरण्या वाढल्या, गर्दी वाढली. कोळशाचं इंजिन सावकाश वेग घेतं, धूर ओकतं, शेवटच्या स्टेशनावर त्याला फिरवून पुढं लावावं लागतं. विजेची गाडी दोन्ही टोकांनी चालते आणि लगेच वेग घेते. मुंबई सरकारचे मुख्य अभियंता डब्ल्यू. एच. व्हाइट यांनी १९०४ मध्येच उपनगरी गाड्या विजेवर चालवा असं सुचवलं होतं. पण ती गाडी यायला २१ वर्षं गेली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला पहिली विजेची लोकल धावली. आमच्या मार्गावर, कुलाबा ते बोरिवली, ती ५ जानेवारी १९२८ रोजी आली.

एवढी वीज कुठून आणायची? इथं टाटांच्या वीज कंपन्या येतात. सह्याद्रीवर पाऊस धो धो पडतो. ते पाणी घाटमाथ्यावर अडवायचं, मोठ्या नळांतून कोकणाच्या बाजूला खाली सोडायचं आणि त्या जोरावर चाकं फिरवून वीज करायची. पहिलं वीजघर १९१५ मध्ये खोपोलीला झालं, दुसरं १९२२ मध्ये भिवपुरीला, तिसरं १९२७ मध्ये भिऱ्याला. भिऱ्याला पाणी येतं ते मुळशीच्या तलावातून. जे पाणी मुळा नदीतून पुढं भीमेकडं वाहत जायचं, ते उलटं पश्चिमेला वळवलं. या विजेची मोठी गिऱ्हाइकं म्हणजे मुंबईच्या कापडगिरण्या, ट्राम आणि रेल्वे. म्हणजे मावशींच्या गावाकडं जे सांगतात ते खरंच आहे.

पण मुळशीचं खोरं रिकामं नव्हतं. तिथं भातशेती होती, पन्नासच्या आसपास गावं होती, देवळं होती. कंपनीला जमीन हवी होती आणि ती मिळवून देण्यासाठी सरकारच्या हातात १८९४ चा भूसंपादन कायदा होता. सरकारचं म्हणणं असं, की विजेनं कोळसा वाचेल, गिरण्या चालतील, हजारोंना काम मिळेल. ते खोटं नव्हतं. पण मावळ्यांचा प्रश्नही सरळ होता: आमचं काय?

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. बघा, पहिली रेल्वे सुटली तीही १६ एप्रिललाच. घोषणा होती, "जान किंवा जमीन". पांडुरंग महादेव बापट पुढारी होते. याच लढ्यामुळं लोक त्यांना सेनापती म्हणू लागले. बायकाही धरणाच्या कामावर जाऊन बसल्या, तुरुंगातही गेल्या. तीन वर्षांहून जास्त काळ लोक लढले, तरी धरण झालं.

हा लढा का मोडला, याचं एक कारण आपण नीट ऐकायला हवं. खोऱ्यातल्या पुष्कळ जमिनी कागदावर कसणाऱ्यांच्या राहिल्याच नव्हत्या. कर्जापायी त्या सावकारांकडं गेल्या होत्या. सावकारांना जमिनीपेक्षा मोबदला बरा वाटला. ज्यांचं नाव कागदावर, त्यांच्याशी बोलणी झाली. जी कूळ म्हणून राबली, जिनं भात लावला, तिचं नाव कुठंच नव्हतं. मग तिची भरपाई कशी मोजणार?

म्हणजे हिशेब असा झाला. वीजघर कंपनीचं, कायदा सरकारचा, गाडी रेल्वेची, जमीन मावळ्याची. पहिल्या तिघांच्या कराराचे कागद झाले, चौथ्याचा झाला नाही.

आता आपण ऐंशी वर्षं पुढं येऊ. मुंबई इतकी वाढली की लोकल पुरेना. १९९९ मध्ये केंद्राची रेल्वे आणि महाराष्ट्र सरकार यांनी मिळून मुंबई रेल्वे विकास महामंडळ काढलं. त्यात रेल्वेचा वाटा ५१ टक्के, राज्याचा ४९. २००२ मध्ये जागतिक बँकेनं मोठं कर्ज मंजूर केलं. तारेतली जुनी १५०० व्होल्टची डीसी वीज बदलून २५,००० व्होल्टची एसी वीज आणायची ठरली. हे तुम्हाला शेतातल्या पाइपावरून कळेल. दाब कमी असला तर पाइप जाड लागतो आणि पाणी लांब पोचेपर्यंत जोर जातो. दाब जास्त असला की बारीक पाइपातूनही लांबवर पाणी जातं. तसंच विजेचं. दाब वाढला की वाटेत वीज कमी वाया जाते आणि जास्त डब्यांच्या गाड्या चालवता येतात.

नव्या गाड्या चेन्नईच्या सरकारी डबे कारखान्यात बनल्या आणि त्यातली विजेची यंत्रं सीमेन्स कंपनीची होती. नोव्हेंबर २००७ पासून त्या धावू लागल्या. त्यांची एक गंमत आहे. ब्रेक लावला की तीच मोटर उलटं काम करते, वीज तयार करते आणि ती तारेत परत जाते. म्हणजे उतारावरच्या सायकलच्या डायनॅमोसारखं. आमच्या पश्चिम मार्गावर हा बदल २०१२ मध्ये पुरा झाला. हार्बर मार्गावर डीसीवरची शेवटची लोकल एप्रिल २०१६ मध्ये धावली. जे तंत्र १९२५ ला आलं, त्यानं ९१ वर्षं मुंबई ओढली.

पण याही वेळी जागा लागलीच. रुळांच्या कडेला हजारो झोपड्या होत्या. काही ठिकाणी दारातून हात बाहेर काढला तर गाडीला लागेल, इतक्या जवळ. तिथून गाडी सावकाश न्यावी लागायची. ही माणसं हलवल्याशिवाय गाड्या वाढणार नव्हत्या.

मैत्रिणींनो, मुळशीत जे झालं नाही, ते इथं झालं, आणि ते आपल्यासारख्याच बायकांमुळं. भायखळ्याला फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी १९८६ मध्ये महिला मिलन नावाची संघटना केली. सुरुवात रोजच्या बचतीपासून. मग ही रीत रुळांकडेच्या वस्त्यांतही गेली. बायकांनी स्वतः घरं मोजली. प्रत्येक झोपडीला नंबर दिला, वस्तीचा नकाशा काढला, घरात किती माणसं, किती वर्षं राहतात, सगळं लिहिलं. चूक असली तर शेजारीण सांगायची, अगं ती खोली त्यांची नाही. स्पार्क ही संस्था आणि झोपडीवासीयांचा महासंघ त्यांच्या सोबत होते.

प्रकल्प आला तेव्हा सरकारसमोर बायकांनी केलेली यादी होती. त्या आधारावर सुमारे ६०,००० माणसं रुळांपासून हलली, आणि तीही पोलिसांच्या जबरदस्तीशिवाय. लोकांनी आपली झोपडी आपल्या हातानं उतरवली. त्यांना २२५ चौरस फुटांची घरं ठरली.

सगळं गोड झालं असं आम्ही म्हणणार नाही. मानखुर्दसारख्या लांबच्या ठिकाणी गेल्यावर कित्येकींचं घरकाम सुटलं. प्रवासाचा खर्च वाढला. याच प्रकल्पातला एक रस्ता आमच्या दारचा आहे, सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता. त्याच्या वाटेतल्या रहिवाशांनी आणि दुकानदारांनी २००४ मध्ये थेट जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाकडं तक्रारी केल्या, की आम्हाला नीट विचारलं नाही, जागा लांब दिल्या. चौकशी झाली. मार्च २००६ मध्ये बँकेनं रस्त्यांचे आणि पुनर्वसनाचे पैसे काही महिने थांबवले. रस्ता शेवटी एप्रिल २०१४ मध्ये खुला झाला. उशीर झाला हे खरं. पण वस्तीतल्या माणसांच्या अर्जावर एवढ्या मोठ्या बँकेला थांबावं लागलं, हेही खरं.

आता आमच्या सांताक्रूझखालून मेट्रोही धावते. तंत्र बदलत राहील. उद्या तुमच्या गावाजवळून महामार्ग जाईल, नाहीतर विजेच्या गाड्यांचं चार्जिंग केंद्र येईल. त्याला नाही म्हणा, असं आमचं सांगणं नाही. लोकल नसती तर आम्ही कामाला पोचलोच नसतो. आमचं सांगणं एवढंच, की भागीदारी ठरताना आपलं नाव कागदावर हवं.

म्हणून पुढच्या बैठकीत हप्ते झाल्यावर चार प्रश्न वाचा. पैसे कुणाचे, आणि तूट आली तर ती कोण भरणार? जमीन कुणाच्या नावावर आहे, आणि ती कसणारी कोण आहे? कुणाचं काय जाणार, याची यादी कुणी केली, आणि ती आपण तपासली का? तक्रार असेल तर कुठं करायची, आणि त्याची पोच आपल्याकडं आहे का?

यातला दुसरा प्रश्न आजच सुरू करता येतो. सातबाऱ्यावर नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लावण्यासाठी आपल्या राज्यात लक्ष्मी मुक्ती योजना आहे. तलाठ्याकडं जाऊन विचारा. घराच्या उताऱ्यावर दोघांचं नाव आहे का, ते ग्रामपंचायतीत बघा. एकटीनं जायला संकोच वाटला तर चौघी मिळून जा.

आमच्या मावशी परवा माहेरी जाऊन आल्या. आल्यावर आम्ही विचारलं, काय आणलंत? म्हणाल्या, "तांदूळ आणलाय, आणि सातबाऱ्याचा उतारा." भावांच्या नावाखाली त्यांचं नाव आहे की नाही, ते या बैठकीत आम्ही सगळ्या मिळून वाचणार आहोत.

तुम्हीही वाचा. नमस्कार.