पासबुकातली चार अक्षरं

मंडळी, मुलं पुण्या-मुंबईहून पैसे पाठवायचे म्हणाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "बाबा, आयएफएससी कोड सांगा." आपण चष्मा शोधतो, पासबुक काढतो, अकरा अक्षरं वाचून दाखवतो आणि विसरून जातो. मी जन्मभर इतिहास शिकवला. त्यामुळे की काय, मला या कोडातही आपल्या मराठवाड्याचा इतिहास दिसतो.

आधी कोडाची रचना सांगतो. पहिली चार अक्षरं बँकेची. पाचवं नेहमी शून्य (ते इंग्रजी 'ओ' नव्हे!). शेवटची सहा शाखेची. २००४ साली आरटीजीएस आणि २००५ साली एनईएफटी सुरू झाल्यावर हा कोड हळूहळू घरोघरी पोचला.

आता आपल्या नांदेड-लातूरकडे वळू. इथल्या कितीतरी पासबुकांवर पूर्वी एस-बी-एच-वाय ही चार अक्षरं असत. म्हणजे स्टेट बँक ऑफ हैदराबाद, आपल्या बोलण्यातली 'एसबीएच'. हैदराबाद तर आता दुसऱ्या राज्यात, मग ते आपल्या पासबुकात कसं? निजामाच्या सरकारने १९४१ साली कायदा करून 'हैदराबाद स्टेट बँक' काढली आणि १९४२ साली तिचं काम सुरू झालं. तेव्हा नांदेड निजामाच्या राज्यातला जिल्हा होता आणि लातूर उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यात होतं. संस्थानाचं चलन वेगळं, 'हाली सिक्का'. इंग्रजी रुपयाला लोक 'कलदार' म्हणत. साधारण सात रुपये हाली म्हणजे सहा रुपये कलदार. त्या हाली नोटांवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू आणि कानडीतही मजकूर असे. या चलनाचा कारभार ही बँक पाहत असे.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान संपलं. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने ही बँक ताब्यात घेतली आणि तिचं नाव स्टेट बँक ऑफ हैदराबाद झालं. १९५९ साली ती भारतीय स्टेट बँकेची उपबँक झाली. हाली चलनही त्याच वर्षी कायमचं बंद झालं. राजा गेला, चलन गेलं, राज्याच्या सीमा बदलल्या, पण आपल्या पगाराच्या पासबुकावर 'हैदराबाद' टिकून राहिलं. १ एप्रिल २०१७ ला ही बँक भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. एस-बी-एच-वाय जाऊन तिथे एस-बी-आय-एन आलं.

कुणी म्हणेल, चार अक्षरांनी काय बिघडतं? माझ्या ओळखीच्या एका आजींचं बिघडलं. एका कार्यालयाच्या नोंदीत त्यांचा जुनाच कोड राहिला होता. दोन महिने पैसे आले नाहीत. खिडकीवर उत्तर एकच, "वरूनच आले नाहीत." आजींचा खाते क्रमांक बरोबर, नाव बरोबर, माणूस समोर उभा. तरी पैसे नाहीत!

यावरून मला हुंडी आठवते. लातूरसारख्या बाजारपेठांत व्यापार हुंडीवर चाले. 'शहाजोग' हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या माणसालाच मिळत. म्हणजे भरवसा होता तो माणसाच्या नावावर. पुढे बँकेचा ड्राफ्ट आला, तारेने पैसे पाठवायची सोय आली. तारेत खूण म्हणून एक गुप्त आकडा घालत. आकड्याचं राज्य तिथूनच सुरू झालं म्हणा ना. एनईएफटीत तर पैसे फक्त खाते क्रमांकावर जमा होऊ लागले. आपण फॉर्मवर नाव लिहीत होतो, पण ते जुळवून पाहण्याचं बंधन नव्हतं. एक आकडा चुकला की पैसे परक्याच्या खात्यात!

आता मात्र नावाला पुन्हा थोडा मान मिळाला आहे. रिझर्व्ह बँकेने सांगितल्याप्रमाणे १ एप्रिल २०२५ पासून आरटीजीएस-एनईएफटीने पैसे पाठवण्याआधी समोरच्या खातेदाराचं नाव पाहता येतं. हुंडीवाल्या शेठजींना जे ठाऊक होतं, ते यंत्राला कळायला इतकी वर्षं लागली.

तेव्हा मंडळी, दोन कामं करा. घरातल्या वडीलधाऱ्यांचं पेन्शन, विमा, गॅस अनुदान जिथे जिथे नोंदलेलं आहे, तिथे जुना कोड राहिलेला नाही ना, ते एकदा पाहून घ्या. त्यांना ते जमेलच असं नाही. आणि एसबीएचचं जुनं पासबुक सापडलं तर रद्दीत घालू नका. नातवंडांना दाखवा. मराठवाडा कुठून कुठे आला, हे त्या चार अक्षरांवरून चांगलं समजावता येतं.