पालक-व्हिसासाठी प्रायोजकाची चारित्र्यतपासणी (ऑस्ट्रेलिया)

आईवडिलांना ऑस्ट्रेलियात दीर्घ मुक्कामासाठी बोलावणाऱ्या अपत्याचे पूर्ववृत्त तपासण्याची सरकारी प्रक्रिया. येणाऱ्या पाहुण्याची पोलीस-नोंद बघणे जुनेच आहे. येथे यजमानाचीही बघितली जाते. ‘प्रायोजित पालक (तात्पुरता)’ या उपवर्ग 870 च्या व्हिसाचा हा पहिला टप्पा. मुलगा किंवा मुलगी प्रायोजक म्हणून मान्य झाल्याशिवाय पालकांना व्हिसाचा अर्जच करता येत नाही.

हे दोन टप्पे वेगळे झाले ते स्थलांतर कायद्यातील 2018 च्या कौटुंबिक हिंसाचारविषयक दुरुस्तीमुळे. चर्चा प्रामुख्याने परदेशातून येणाऱ्या जोडीदारांच्या छळाची होती; नवी चौकट लागू झाली ती आधी पालकांना. प्रायोजकांचे अर्ज एप्रिल 2019 पासून आणि व्हिसाचे 1 जुलै 2019 पासून घेतले जाऊ लागले.

प्रायोजकाला ऑस्ट्रेलियन फेडरल पोलिसांचा दाखला द्यावा लागतो. राज्य पोलिसांचा चालत नाही. गेल्या काही वर्षांत अन्य देशात दीर्घ वास्तव्य झाले असेल, तर तिथलाही लागतो. त्यामुळे नुकतेच पुण्या-मुंबईहून जाऊन स्थिरावलेल्यांना भारताचे ‘पीसीसी’, म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, परदेशातून काढावे लागते. शिक्षा, स्थलांतर नियमांचा भंग, सरकारी देणी यांचीही छाननी होते. घरचे करपात्र उत्पन्न किमान 83,454.80 ऑस्ट्रेलियन डॉलर हवे, आणि एका घराला एका वेळी दोनच पालक प्रायोजित करता येतात. निवास व आर्थिक आधार देण्याची जबाबदारी कायदेशीर असून ती मोडल्यास मान्यता रद्द होऊ शकते.

पालकांची चारित्र्यतपासणी स्थलांतर कायद्याच्या कलम 501 खाली वेगळी होते. बारा महिने किंवा अधिक कारावासाची शिक्षा झालेली व्यक्ती त्या कसोटीत नापास ठरते.

कायमस्वरूपी पालक-व्हिसाला किमान निम्मी अपत्ये, किंवा अन्य कोणत्याही एका देशातल्यापेक्षा जास्त अपत्ये, ऑस्ट्रेलियात असण्याची अट असते. 870 ला ती नाही. एक लेक मेलबर्नला आणि दोन भाऊ नाशकात, अशा घरांना म्हणूनच हा मार्ग सोयीचा. मात्र पोलीस-दाखल्यात दिसतो तो नोंदवलेला गुन्हा. सुनेशी किंवा जावयाशी अबोला, आजीच्या हाती पैसा न देणे, नातवंडांच्या राखणीत तिला अडकवून ठेवणे, हे कोणत्याही दाखल्यावर येत नाही. काम करण्यास मनाई असलेल्या पालकाचे परावलंबन या व्हिसाच्या रचनेतच आहे, आणि तपासणीची खरी मर्यादा हीच.

अन्यत्रही असे निर्बंध आहेत. कॅनडात नातलगाविरुद्ध हिंसेच्या गुन्ह्यात दोषी ठरलेली व्यक्ती शिक्षेनंतर काही वर्षे प्रायोजक होऊ शकत नाही. अमेरिकेत 2006 च्या अॅडम वॉल्श कायद्यानुसार अल्पवयीनांविरुद्धच्या ठरावीक गुन्ह्यांत दोषी असलेल्या नागरिकाची याचिका, ती वृद्ध आईसाठी असली तरी, नाकारली जाते. त्याच्यापासून आईला धोका नाही, असे गृहसुरक्षा खात्याने स्वतःच्या अधिकारात ठरवले तरच अपवाद होतो.