भोपळ्याची वेल आणि तीन अक्षरं

सन 1825, जून महिना. रात्रीचे दहा वाजून गेलेत, तरी पायाखालची वाट स्वच्छ दिसते आहे. मध्य स्वीडनमध्ये या दिवसांत नीट अंधार म्हणून पडतच नाही. तुमच्या पाठीवर रंगाच्या पुड्या, कुंचले आणि एक जास्तीचा सदरा. गाव तुमचं सिल्यान तळ्याकाठचं रेट्विक, दालार्ना प्रांतातलं. वारसांच्या वाटण्या होत होत तिथल्या शेतांचे इतके तुकडे पडलेत की त्यात पोट भरत नाही. म्हणून कुणी टोपल्या विणतं, शेजारच्या मोरा भागात शेतकरीच लंबकाची उंच घड्याळं करतात, आणि तुम्ही घरं रंगवत परमुलखात हिंडता.

आता हेल्सिंगलंड प्रांतातल्या एका मोठ्या लाकडी घरापाशी पोचलात. मालक जवस पिकवतो, त्याच्या धाग्याचं कापड विकतो. घरात सुबत्ता आहे. त्याने अख्खी खोली फक्त लग्नकार्यासाठी राखली आहे, एरवी तिला कडी. ती तुम्हाला रंगवायची आहे.

सकाळी जवाची पातळ भाकरी आणि आंबट दूध खाऊन कामाला लागता. आधी पाइनच्या फळ्यांची, लोखंडी पट्ट्या ठोकलेली पेटी. घरातली मुलगी सासरी जाताना तिने विणलेलं सगळं यात भरून नेणार. जवसाच्याच तेलात निळी भुकटी घोटता, हात देता, वाळू देता. मग झाकणाच्या आत साल, आणि तीन अक्षरं: पहिलं मुलीच्या नावाचं, दुसरं वडिलांच्या, तिसरं ‘दोत्तर’चं, म्हणजे मुलगी. अक्षरं सुकेपर्यंत ती दारातून हलत नाही.

मग भिंत. बायबलातला योना उन्हात बसला, तेव्हा देवाने त्याच्यावर एका रात्रीत वेल वाढवली. तुमच्याकडे तिला ‘कुर्बिट्स’ म्हणतात, म्हणजे भोपळा. भोपळ्याला एवढा मान मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही. तुमच्या हातून ही वेल माणसांहून, घोड्यांहून, देवळाच्या शिखराहूनही उंच होते. तिच्याखाली बाळ येशूच्या दर्शनाला निघालेले पूर्वेचे तीन राजे तुमच्या काळातल्या शिपायांसारखे दिसतात. जेरुसलेम कुणी पाहिलंय? कुंचला दाबून टेकवता, मनगट वळवता, दाब कमी करत उचलता: पान बुडाशी जाड, टोकाशी केसाएवढं. त्यावर पांढऱ्याची एकच बारीक रेघ, आणि पानाला उजेड येतो.

काम संपतं. मजुरी घेऊन पुढच्या गावची वाट धरता. पेटीवर मुलीची अक्षरं आहेत. भिंतीवर तुमचं नाव कुठेच नाही.

हेल्सिंगलंडमधली अशी सात घरं 2012 साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदवली. तिथल्या काही चित्रकारांची नावं कळली आहेत, बाकीच्यांची नाहीत. मला त्या बाकीच्यांविषयी फार वाटतं. स्टॉकहोमला गेलात, तर 1891 मध्ये सुरू झालेल्या स्कान्सेन या खुल्या संग्रहालयात जा. हेल्सिंगलंडच्या डेल्सबो भागातलं शेतकऱ्याचं घर तिथे आणून उभं केलं आहे. त्या खोल्यांमधून घाईने पुढे जाऊ नका. भिंतीजवळ उभे राहा आणि एखादी रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत डोळ्यांनी ओढून पाहा.