पॅनेल नावाची फळी

परवा दुपारी आमच्या गल्लीतून भोंगा लावलेली रिक्षा गेली. पतसंस्थेची निवडणूक होती. 'आपल्या पॅनेलच्या सर्व उमेदवारांना कपबशीवर शिक्का मारून प्रचंड बहुमतानं...' रिक्षा कोपऱ्यावर वळेपर्यंत आवाज येत राहिला. संध्याकाळी टीव्ही लावला, तर सहा चौकटींतून सहा माणसं एकमेकांवर ओरडत होती आणि सूत्रसंचालक सांगत होता, आज आपल्या पॅनेलवर कोण कोण आहे. रात्री धाकट्या भावाचा फोन आला. त्यानं गच्चीवर सौर पॅनेल बसवलं होतं. एका दिवसात एकच शब्द तीनदा कानावर पडला. झोपताना मला मात्र चौथंच पॅनेल आठवलं. लाकडाचं. त्याला आम्ही लहानपणी पॅनेल म्हणत नव्हतो.

मी मराठवाड्यातल्या एका कसब्याच्या गावात वाढलो. आमच्या घराला लागून एका सुतारचाचांचं दुकान होतं. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायचो. रंध्यातून निघणाऱ्या सागाच्या सालपटांच्या अंगठ्या करायच्या आणि बोटांत घालायच्या, हा माझा उद्योग. गावातल्या पाटलांच्या वाड्याचं मोठं दार एकदा दुरुस्तीसाठी त्यांच्याकडे आलं. दारात कोरीव फळ्या बसवलेल्या होत्या. कमळ, वेली, मधेच एक राघू. चाचा त्या चौकोनी फळीला 'दिल्ला' म्हणत. मला वाटायचं, दाराचं दिल म्हणजे दिल्ला. व्याकरणानं ते खरं असेल-नसेल, माझ्यापुरतं ते अजून खरं आहे.

त्या दारातली एक फळी उभी चिरली होती. मी विचारलं, "चाचा, इतकं चांगलं लाकूड फुटलं कसं?" त्यांनी फळीच्या कडेला बोट ठेवलं. आधीच्या कुणी दुरुस्ती करताना ती फळी खडखडू नये म्हणून चौकटीला चारी बाजूंनी खिळे ठोकले होते. चाचा म्हणाले, "बेटा, लाकूड मेलं तरी श्वास घेतं. आषाढात फुगतं, चैत्रात आकसतं. चौकट पक्की पाहिजे, पण दिल्ल्याला खाचेत थोडी जागा पाहिजे. ह्यांनी त्याला हलूच दिलं नाही. मग ते दुसरं काय करणार?"

सुतारकामातली ही गोष्ट जगभर सारखी आहे. लाकूड लांबीत फारसं बदलत नाही, रुंदीत बदलतं. म्हणून रुंद फळीचं सपाट दार वाकतं, नाहीतर तडकतं. त्यावर कारागिरांनी शेकडो वर्षांपूर्वी उपाय काढला. उभ्या-आडव्या पट्ट्यांची चौकट करायची, तिला कुसू काढून घट्ट जोडायचं, आतल्या कडांना खाच पाडायची आणि त्या खाचेत फळी नुसती सरकवायची. तिला ना खिळा, ना सरस. फळी सुटीही नाही आणि जखडलेलीही नाही.

हा उपाय कुठवर पोचला, ते मला पुढे पुस्तकांतून कळलं. ट्युनिशियातल्या कैरवान शहराच्या मोठ्या मशिदीत नवव्या शतकातला एक मिंबर आहे. मिंबर म्हणजे इमाम ज्याच्या पायऱ्या चढून शुक्रवारचा खुतबा देतो ते उंच आसन. आज टिकून असलेल्या मिंबरांत तो सर्वांत जुना मानला जातो. तीनशेहून अधिक कोरीव तुकडे जोडून तो केला आहे, आणि लाकूड आहे साग. सागाचं झाड त्या मुलखात उगवत नाही. ते आपल्या बाजूचं. आपल्या किनाऱ्यांवरून साग गलबतांनी अरबांच्या देशात जाई, आणि लाकडाबरोबर नावही गेलं. संस्कृतात शाक, मराठीत साग, अरबीत साज. मशिदीत लहानपणापासून खुतबा ऐकणाऱ्या आणि मराठीत कविता लिहिणाऱ्या माणसाला या एका शब्दानं किती आनंद झाला असेल, तो सांगता येणार नाही. माझी दोन घरं एकाच झाडाच्या लाकडाची निघाली.

दुसरा मिंबर जेरुसलेमच्या अल-अक्सा मशिदीतला. बाराव्या शतकात नूरुद्दीन झंगीनं तो हलब, म्हणजे अलेप्पो शहरात करवून घेतला आणि ११८७ साली शहर जिंकल्यावर सलाहुद्दीननं तो तिथे नेऊन बसवला. त्याचे असंख्य तुकडे खिळ्याशिवाय आणि सरसाशिवाय एकमेकांत अडकवलेले होते. आठशे वर्षं तो उभा राहिला. २१ ऑगस्ट १९६९ रोजी एका ऑस्ट्रेलियन माणसानं मशिदीत आग लावली आणि मिंबर जळाला. तसाच नवा मिंबर जॉर्डनमध्ये घडवून तिथे बसवायला २००७ साल उजाडलं. आगीला काही तास लागले, जोडणीला अडतीस वर्षं.

मिंबरावर उभा राहून एकच माणूस बोलतो. मग चारचौघांच्या चर्चेला पॅनेल हे फळीचं नाव कसं पडलं? त्याची हकिगत गमतीची आहे. हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला आणि त्याचं मूळ लॅटिनमध्ये आहे. मूळ अर्थ कापडाचा तुकडा. खोगिराखाली घालायचं फडकंसुद्धा पॅनेलच. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये शेरीफ ज्युरीसाठी बोलावलेल्यांची नावं चर्मपत्राच्या एका पट्टीवर लिहायचा. त्या पट्टीला पॅनेल म्हणू लागले, मग पट्टीवरच्या यादीला, मग यादीतल्या माणसांना. तिकडे चौकटीत बसवलेल्या लाकडाच्या तुकड्यालाही तोच शब्द लागला. म्हणजे चर्चेचं पॅनेल आणि दाराचं पॅनेल ही सख्खी भावंडं आहेत.

ज्युरीचं पॅनेल आपल्या मुंबईनंही पाहिलं आहे. १९०८ सालचा लोकमान्य टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला आठवा. मुझफ्फरपूरच्या बॉम्बनंतर 'केसरी'त आलेल्या लेखांवरून तो भरला होता. सरकारनं खास ज्युरी मागितली. बचाव पक्षाचा त्याला आक्षेप होता. कारण अशा ज्युरीत युरोपीयांचा भरणा होणार आणि त्यांना मराठी येत नसणार. आक्षेप फेटाळला गेला. नऊ जणांची ज्युरी बसली, सात युरोपीय आणि दोन पारशी. लेख मराठी, पण निवाडा इंग्रजी भाषांतरावरून. टिळक स्वतः आपली बाजू मांडायला उभे राहिले आणि काही दिवस मिळून एकवीस तासांहून अधिक बोलले. त्यातला बराच वेळ या मराठी शब्दाचा अर्थ असा नाही, तसा आहे, हे सांगण्यात गेला. २२ जुलैच्या रात्री निकाल लागला. दोषी, सातास दोन. न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा आणि हजार रुपये दंड ठोठावला. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. त्या सहा वर्षांसाठी टिळक मंडालेला गेले.

मला या खटल्यात त्या एकवीस तासांचं दडपण येतं. इतकं बोलूनही काही हललं नाही. कारण माणूस किती बोलला, यापेक्षा चौकटीत कोणाला बसवलं, यातच निकाल ठरून गेला होता.

ज्युरी नेहमी परक्यांचीच होती, असंही नाही. १९५९ साली मुंबईत नानावटी खटल्यात नऊ जणांच्या ज्युरीनं आठास एक मतानं आरोपी निर्दोष असल्याचं सांगितलं. न्यायाधीशांना ते पटलं नाही. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, शिक्षा झाली आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. पुढे १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागा उरली नाही. न्यायालयातलं पॅनेल गेलं. सभागृहातलं मात्र वाढत गेलं.

सभागृहात कोण बसणार, हा प्रश्नही आपल्याकडे जुना आहे. १८८५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्याच्या मराठी ग्रंथकार सभेचं निमंत्रण जोतीराव फुल्यांना पाठवलं. फुल्यांनी पत्र लिहून नकार कळवला. 'ज्ञानोदया'त ते छापून आलं. त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ असा, की जे लोक माणसाला माणसाचे हक्क खुशीनं देत नाहीत, त्यांच्या पुस्तकांशी आमच्या पुस्तकांचा मेळ बसत नाही. खुर्ची मिळत असतानाही चौकट नाकारणारं हे पत्र मी पुन्हा पुन्हा वाचतो. एकशे पाच वर्षांनी, १९९० साली, पुण्याच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी डॉ. यू. म. पठाण होते, आणि त्याच वर्षी सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलनही भरलं. लोक विचारतात, वेगळं संमेलन कशाला? मी म्हणतो, मोठ्या दारात एक फळी बसली म्हणून घरातल्या सगळ्या माणसांना दार उघडलं, असं होत नाही.

हे मी अनुभवानं बोलतो. गेली पंचवीस वर्षं मला परिसंवादांची निमंत्रणं येतात. मी पावसावर लिहितो, आईवर लिहितो, एसटी स्टँडवर रात्र काढणाऱ्या माणसांवर लिहितो. पण निमंत्रणातला विषय बहुधा 'राष्ट्रीय एकात्मता आणि साहित्य' असतो. एका गावात 'मराठी कवितेतला निसर्ग' असा परिसंवाद होता. मी खुशीनं गेलो. व्यासपीठावर चढताना संयोजक कानाशी आले आणि प्रेमानं म्हणाले, "सर, तुम्ही निसर्गाचं राहू द्या, तुमच्या समाजाची बाजू मांडा." माणूस वाईट नव्हता. फळी खडखडू नये म्हणून त्यानं खिळा ठोकला, इतकंच. मी उभा राहिलो आणि आमच्या गावच्या ओढ्याबद्दल बोललो. टाळ्या बेताच्याच पडल्या.

पण तक्रार सांगायची तर सगळीच सांगावी. एका परिसंवादाचा मी अध्यक्ष होतो. चार वक्ते होते. पहिल्या तिघांनी प्रत्येकी पंधरा मिनिटांऐवजी अर्धा-अर्धा तास घेतला. तिघेही ज्येष्ठ, माझ्या ओळखीचे. मी भीड म्हणून गप्प बसलो. शेवटी एक तरुण मुलगी बोलायला उठली. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली, तिच्या घरातली पहिलीच पदवीधर. कागद लिहून आणला होता. चहा थंड होत होता, सभागृह रिकामं व्हायला लागलं होतं. चार मिनिटांनी मी तिच्यासमोर चिठ्ठी सरकवली, 'कृपया आवरते घ्या.' तिनं चिठ्ठी वाचली, कागदाची घडी केली आणि 'धन्यवाद' म्हणून बसली. ज्याला आयुष्यभर खिळ्यांचा राग आला, त्याच्या हातात त्या दिवशी हातोडी होती. नंतर मी तिला शोधलं, पण ती शेवटच्या गाडीनं निघून गेली होती. तेव्हापासून अध्यक्षपद आलं, की मी एकच अट घालतो. यादीत ज्याचं नाव शेवटी असेल, तो आधी बोलेल. संयोजक नाराज होतात. होऊ देत.

तर, त्या दाराचं पुढे काय झालं? चाचांनी खिळे उपटले, चिरलेली फळी पाचर घालून सांधली आणि पुन्हा खाचेत सरकवली. दार आणखी वीस-एक वर्षं टिकलं. मग वाटण्या झाल्या, वाडा पडला, लाकूड विकलं गेलं. चाचाही गेले.

दोन वर्षांपूर्वी मुंबईत जुन्या लाकूडसामानाच्या बाजारात फिरत होतो. एका दुकानदारानं हाक मारली, "साहेब, पॅनेल बघा. भिंतीला लावा, वरून दिवा सोडा. हॉटेलवाले नेतात." कमळ कोरलेली एक फळी होती. आमच्या गावची नव्हती, कुठल्या तरी दुसऱ्याच वाड्याची. कोरीवकाम धुरानं आणि तेलानं काळं पडलेलं. पण चारी बाजूंना बोटभर रुंदीची एक पट्टी होती, नक्षी नसलेली, ताज्या लाकडासारखी पिवळसर. दुकानदार म्हणाला, "तेवढी कड कापून देतो, चांगली दिसत नाही."

ती कड म्हणजे खाचेत लपलेला भाग. तो पाहायला कुणी थांबत नाही. मी नीट पाहिलं, तर पिवळा आणि काळा यांच्या सीमेवर एक फिकट तपकिरी रेघ होती, सुतळीएवढी. दर पावसाळ्यात फळी तेवढी आत जायची आणि दर उन्हाळ्यात तेवढी बाहेर यायची. किती वर्षं, कोण जाणे. फळी मात्र कुठेही चिरली नव्हती.

मी म्हटलं, "कड राहू दे. तशीच बांधून द्या."