पावसाने धुतलेलं प्रदूषण जातं कुठे? थोडं जमिनीत आणि थोडं थेट १५ किलोमीटर वर!

पावसाळा सुरू झाला की मुंबई, पुणे, दिल्लीतली हवा स्वच्छ वाटू लागते. धूळ बसते, लांबचे डोंगर, इमारती स्पष्ट दिसतात. पावसाने प्रदूषण धुऊन टाकलं, असं आपण म्हणतो. ते खरंही आहे, पण अर्धंच. जे ढग पाऊस पाडतात, तेच ढग जमिनीलगतच्या प्रदूषणाचा काही भाग उचलून खूप वर नेऊन ठेवतात.

हे कसं घडतं?

उन्हाने तापलेली दमट हवा वर चढते आणि तिच्यापासून उंच वादळी ढग, म्हणजे गर्जन्मेघ तयार होतात. या ढगांच्या आत हवा वेगाने वर खेचली जाते. जमिनीलगतची हवा काही तासांतच १२ ते १५ किलोमीटर उंचीवर पोहोचू शकते.

या हवेत वाहनं, कारखाने, चुली आणि शेतीतून आलेले कण आणि वायू असतात. पाण्यात सहज विरघळणारे घटक आणि मोठे कण बरेचसे पावसाबरोबर खाली येतात. पण कार्बन मोनॉक्साइडसारखे वायू पाण्यात फारसे विरघळत नाहीत. ते ढगातून निसटून वर जातात.

वर गेल्यावर प्रदूषण पसरत का नाही?

पसरतं, पण लगेच नाही. पावसाळ्यात तिबेटच्या पठारावर आणि आसपासच्या प्रदेशावर, खूप उंचावर, हवेचा एक प्रचंड भोवरा तयार होतो. तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो आणि पश्चिम आशियापासून पूर्व आशियापर्यंत पसरलेला असतो. या भोवऱ्याला प्रत्यावर्त म्हणतात. ढगांनी वर आणलेली हवा यात अडकते आणि गोल फिरत राहते. त्यामुळे तिथे प्रदूषण साठत जातं.

हे कधी कळलं?

२००६ साली सोडलेल्या 'कॅलिप्सो' उपग्रहाने लेझर किरणांच्या मदतीने वातावरणातल्या कणांची उंची मोजली. या माहितीचा अभ्यास करताना उन्हाळी मोसमी काळात आशियावर १३ ते १८ किलोमीटर उंचीवर कणांचा एक थर दिसला. २०११ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. तपांबर जिथे संपतं आणि स्थितांबर सुरू होतं, त्या सीमेला तपस्तब्धी म्हणतात. हा थर तिच्या आसपास असल्याने त्याला 'आशियाई तपस्तब्धी एरोसोल थर' असं नाव मिळालं. तो इतका विरळ असतो की साध्या डोळ्यांना दिसत नाही.

पुढे 'नासा' आणि 'इस्रो'ने मिळून हैदराबाद, वाराणसी आणि आंध्र प्रदेशातल्या गादंकी इथून उपकरणं बांधलेले फुगे सोडले आणि या थराची थेट मोजणी केली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेतही संगणकीय प्रारूपांच्या मदतीने यावर संशोधन झालं आहे.

या थरात आहे तरी काय?

२०१७ च्या पावसाळ्यात काठमांडूहून एका रशियन संशोधन विमानाने या उंचीवर उड्डाणं केली. तिथे अमोनियम नायट्रेटचे कण सापडले. हे कण तयार व्हायला अमोनिया लागतो आणि अमोनियाचा मोठा स्रोत म्हणजे शेतातली खतं आणि जनावरांचं शेण-मूत्र. म्हणजे गंगेच्या मैदानात टाकलेल्या युरियाचा अंश विमानं उडतात त्याहूनही उंच पोहोचू शकतो.

पण अमोनिया तर पाण्यात सहज विरघळतो. मग तो पावसात धुतला कसा जात नाही? शास्त्रज्ञांचं स्पष्टीकरण असं, की ढगातले थेंब उंचावर गोठतात तेव्हा विरघळलेल्या अमोनियाचा काही भाग पुन्हा बाहेर पडतो.

मग मान्सून प्रदूषण वाढवतो की कमी करतो?

दोन्ही. २०१५ मध्ये जर्मनीच्या 'हालो' विमानातून केलेल्या मोजणीवर आधारित अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात मान्सूनला प्रदूषणाचा पंप आणि शुद्धीकरण यंत्र असं दोन्ही म्हटलं आहे. विजा कडाडतात तेव्हा नायट्रोजनची ऑक्साइड्स तयार होतात. त्यांच्यामुळे हायड्रॉक्सिल रेणूंची निर्मिती वाढते. हे रेणू अनेक प्रदूषकांचं विघटन करतात, आणि त्यातून तयार होणारे काही पदार्थ पाण्यात विरघळून पावसाबरोबर खाली येतात. तरीही उरलेलं प्रदूषण भोवऱ्यातून बाहेर पडून जगभर पसरतं.

आपल्याला काय फरक पडतो?

त्या उंचीवरची हवा कुणी श्वासात घेत नाही. पण तिथले कण सूर्यप्रकाश परावर्तित करतात आणि ढगांवरही परिणाम करू शकतात. स्थितांबरात पोहोचलेली हवा दीर्घकाळ तिथेच राहते, कारण तिथे धुऊन काढायला पाऊस नसतो.

दुसरी काळजी ओझोनची आहे. २०२२ मध्ये दक्षिण कोरियातून झालेल्या विमान मोहिमेत पूर्व आशियाई मान्सून डायक्लोरोमिथेनसारखे क्लोरिनयुक्त वायू मोठ्या प्रमाणात वर नेत असल्याचं दिसलं. हे वायू अल्पायुषी असल्यामुळे ओझोन वाचवण्यासाठी १९८७ साली झालेल्या माँट्रियल कराराच्या बंधनात ते येत नाहीत. एरवी ते वर पोहोचण्याआधीच बरेचसे नष्ट होतात, पण मान्सूनचे ढग त्यांना झटपट वर नेतात.

ढगांना थांबवता येणार नाही. ते काय उचलून नेतात, हे मात्र जमिनीवरच ठरतं. चिमणीतून, सायलेन्सरमधून आणि शेतातून हवेत कमी गेलं, तरच वर कमी पोहोचेल.