गोंदियाचे ड्रॉइंग मास्तर : रझा आणि रेषेचा पहिला पाठ

थ्रेड 🧵

१९४३ साल. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते आणि भंडारा जिल्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात. (स्वतंत्र गोंदिया जिल्हा होण्यासाठी १९९९ उजाडावे लागले.) भाताच्या आणि रेल्वेच्या या गावात एकवीस वर्षांचा एक तरुण चित्रकलाशिक्षक म्हणून नोकरी करत होता. त्याचे नाव सय्यद हैदर रझा. पुढे 'बिंदू'मुळे जगभर ओळखले गेलेले रझा ते हेच.

रझांविषयीच्या लेखनात गोंदियाचा उल्लेख सहसा धावता येतो. पॅरिसच्या तुलनेत हे गाव लहान, त्यामुळे तसे होणे स्वाभाविक आहे. परंतु चित्रकाराचा पाया कसा घातला जातो, हे समजून घ्यायचे असेल तर या गावापाशी थोडे थांबावे लागते.

रझांचा जन्म २२ फेब्रुवारी १९२२ रोजी मंडला जिल्ह्यातील बाबरिया येथे झाला. वडील वनखात्यात नोकरीला, त्यामुळे बालपण नर्मदेकाठच्या अरण्यात गेले. ककैया गावच्या प्राथमिक शाळेत मुलाचे लक्ष लागत नाही, हे पाहून नंदलाल झारिया या गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्यावर नजर स्थिर ठेवण्यास सांगितले. ही कथा प्रसिद्ध आहे. ती इतकी सुंदर आहे की तिच्यामुळे मधली सगळी वर्षे झाकली जातात. ठिपक्याकडे पाहणे ही एक गोष्ट झाली. पाहिलेले कागदावर उतरवता येणे ही निराळी विद्या आहे. ती विद्या रझांना १९३९ ते १९४३ या काळात नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये मिळाली. तेथील शिक्षक बापूराव आठवले यांचे ऋण ते उतारवयातही सांगत असत.

त्या काळच्या कलाशाळेत पहिल्या वर्षी काय शिकवत? त्याचे मूळ शोधत गेल्यास थेट लंडन गाठावे लागते. १८५० च्या दशकात हेन्री कोल आणि रिचर्ड रेडग्रेव्ह यांनी ब्रिटनमधील कलाशिक्षणाचा एक राष्ट्रीय अभ्यासक्रम आखला. त्याच्या तेवीस पायऱ्या होत्या. पहिली पायरी पट्टी व कंपासने काढायच्या भौमितिक आकृत्यांची. त्यानंतर छापील नमुन्यावरून मुक्तहस्त रेषा, मग प्रत्यक्ष घनवस्तूवरून रेषा, मग छायांकन. मानवी देह फार पुढे. रंग त्याहून उशिरा. ही पद्धत साउथ केन्सिंग्टन पद्धत म्हणून ओळखली गेली.

मुंबईत सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये कलाशाळा सुरू झाली. १८६५ मध्ये तेथे आलेले जॉन ग्रिफिथ्स आणि जॉन लॉकवुड किपलिंग (लेखक रुडयार्ड किपलिंग यांचे वडील) हे दोघेही साउथ केन्सिंग्टनच्याच वातावरणातून आले होते. साहजिकच पट्टी, कंपास, प्लास्टरचे पुतळे आणि पायऱ्यांची ती शिस्त इथेही रुजली आणि पुढे देशातील इतर कलाशाळांतही पसरली. त्या शिस्तीत वाढणे कसे असते, हे प्रत्यक्ष अनुभवातून जाणून घ्यायचे असेल तर रावबहादूर धुरंधरांचे 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' जरूर वाचावे. १८९० मध्ये ते त्या शाळेत दाखल झाले होते.

आता ही शिस्त प्रत्यक्षात कशी चालते ते पाहू. भंडाऱ्याची ओळख पितळी भांड्यांचे शहर अशी आहे, तेव्हा उदाहरण पितळी लोट्याचेच घेऊ. वस्तुचित्रणासाठी याहून चांगला शिक्षक नाही.

लोट्याचे तोंड गोल असते, हे विद्यार्थ्याला ठाऊक असते. आणि नेमके तेच ज्ञान त्याच्या आड येते. डोळ्याच्या पातळीवर धरलेल्या लोट्याचे तोंड केवळ एक आडवी रेषा दिसते. लोटा खाली नेत जावे तसतशी ती रेषा फुगून लंबवर्तुळ होते. तळ डोळ्यापासून आणखी खाली असल्याने त्याचा वक्र तोंडाच्या वक्राहून अधिक फुगीर दिसतो. नवशिका मात्र तळ सरळ रेषेने काढतो, कारण 'लोटा टेबलावर सपाट बसला आहे' असे त्याचे मन त्याला सांगत असते. पहिल्या वर्षाचे जवळजवळ सगळे शिक्षण या एका चुकीभोवती फिरते. जे ठाऊक आहे ते नव्हे, जे दिसते ते काढायचे.

त्यासाठीच हात लांब ताणून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठा सरकवत मापे घ्यायची. रुंदी उंचीत किती वेळा बसते ते मोजायचे. मध्यभागी उभा अक्ष टाकून दोन्ही बाजू त्याच्याशी ताडून पाहायच्या. बाह्यरेषा पक्की झाल्यावर छटा. पितळेवर तर एकाच वेळी झळाळी, मध्यम छटा, गडद छाया आणि टेबलावरून उलट फेकला गेलेला मंद प्रकाश असे सारेच दिसते. हा परावर्तित प्रकाश कितीही उजळ भासला तरी तो छायेच्याच प्रदेशात असतो. तो प्रकाशाइतका पांढरा ठेवला की लोट्याची गोलाई मोडलीच म्हणून समजावे.

या शिक्षणामागचा हेतू फारसा उदात्त नव्हता, हेही स्पष्टपणे सांगायला हवे. साम्राज्याला नकाशे व आराखडे काढणारे आरेखक, इमारती सजवणारे कारागीर आणि शाळांसाठी ड्रॉइंग मास्तर हवे होते. कलकत्त्यात ई. बी. हॅवेल यांनी १८९६ नंतर या युरोपीय नमुन्यांविरुद्ध बंड पुकारले आणि भारतीय चित्रपरंपरेला अभ्यासात स्थान दिले. त्यांची टीका बिनतोड होती. स्वतः ग्रिफिथ्स यांनीही १८७२ पासून विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. म्हणजे अभ्यासक्रमात नसलेली एक थोर रेषा त्यांनाही दिसलीच होती. तरीही मोजमापांच्या या पद्धतीचा एक गुण नाकारता येत नाही. तिला घराण्याची वा वंशपरंपरेची गरज नव्हती. जंगलखात्यातील एका कर्मचाऱ्याच्या मुलालाही ती पेन्सिल आणि चिकाटी एवढ्या भांडवलावर शिकता येत होती.

नागपूरचे शिक्षण आटोपून रझा गोंदियाला आले, ते याच साच्यातून घडलेले मास्तर म्हणून. नोकरी स्थिर होती. जागाही परकी नव्हती, कारण गोंदियाहून अरुंद रुळांची गाडी नैनपूरमार्गे त्यांच्या मंडल्याकडेच जात असे. तेवढ्यात प्रांतिक सरकारने मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकण्यासाठी त्यांना शिष्यवृत्ती दिली. रझांनी नोकरी सोडली आणि मुंबई गाठली. पण तोवर प्रवेश बंद झाले होते. प्रवेश नाही, म्हणून शिष्यवृत्तीही गेली.

माघारी फिरणे सोपे होते. त्यांनी ते केले नाही. एक्स्प्रेस ब्लॉक स्टुडिओ या छपाईचे ठसे बनवणाऱ्या संस्थेत ते आरेखनाच्या कामाला लागले. म्हणजे साम्राज्याने ज्या कामासाठी रेखाटन शिकवले, नेमके तेच काम त्यांच्या वाट्याला आले आणि त्यानेच त्यांना तगवले. कामाच्या वेळेबाहेर ते मुंबईचे रस्ते जलरंगात रंगवत. जे. जे. मधील शिक्षणही पुढे झाले. १९४६ मध्ये पहिले एकल प्रदर्शन भरले. १९४७ मध्ये सूझा, आरा, हुसेन, बाकरे आणि गाडे यांच्यासह प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला. यांतले हरी अंबादास गाडे अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचे; विदर्भाचे हे दुसरे नाव अनेकदा विसरले जाते.

१९४८ मध्ये श्रीनगरला रझांची भेट फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्याशी झाली. चित्रे पाहून त्यांनी सांगितले की हातात गुण आहे, परंतु चित्रात बांधणी नाही, सेझान अभ्यासा. नागपूर, गोंदिया, मुंबई एवढी वाट चाललेल्या, प्रदर्शने गाजवलेल्या चित्रकाराला हे ऐकावे लागले. छायाचित्रकाराने चित्रकाराला असे सांगावे, याचे नवल वाटायला नको. कार्तिए-ब्रेसाँ तरुणपणी आंद्रे लोत यांच्याकडे चित्ररचनेची कठोर भूमिती शिकले होते आणि उतारवयात कॅमेरा बाजूला ठेवून पुन्हा रेखाटनाकडेच वळले.

लोट्याच्या पाठात एक वस्तू नीट पाहायला शिकवतात. संपूर्ण कागद एकसंध कसा उभा करावा, कोणती रेषा कोणत्या रेषेचा भार पेलते, हा प्रश्न त्या पाठात फारसा येत नाही. जुन्या अभ्यासक्रमाची खरी उणीव इथे होती. रझांनी टीका मनावर घेतली. मुंबईत ते फ्रेंच शिकले, फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळवली आणि ऑक्टोबर १९५० मध्ये पॅरिसला गेले. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, एकदा मास्तरकी करून झाल्यावर, ते एकोल द बोझारमध्ये पुन्हा विद्यार्थी झाले. १९५६ मध्ये त्यांना 'प्री द ला क्रितिक' हा समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. तो मिळवणारे ते पहिले अ-फ्रेंच चित्रकार.

१९७० च्या दशकानंतर त्यांच्या चित्रांत वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन आले आणि ठाण मांडून बसले. त्यांचा अर्थ रझांनी भारतीय तत्त्वचिंतनातून लावला आणि तो अर्थ त्यांचाच आहे. मात्र हाताने हे आकार प्रथम गिरवले ते कलाशाळेच्या पहिल्या पायरीवर, पट्टी आणि कंपास घेऊन.

२०१० मध्ये ते कायमचे भारतात परतले. २३ जुलै २०१६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार मंडल्यात वडिलांच्या कबरीशेजारी त्यांचे दफन करण्यात आले.